कोरड्यास काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बंगळुरात नोकरी, घरात दोघंच, बाजार रविवारी एकदाच. गुरुवारी रात्री घरात उरतं ते म्हणजे दोन कांदे, एक वांगं, अर्धी वाटी मुगाची डाळ, बेसन, शेंगदाणे, आंबट झालेलं दही आणि कालचा भात. "रेसिपी बघायला जावं तर एखादा जिन्नस नसतोच. मग बाहेरून मागवतो. तुम्ही जुनी माणसं घरात असेल त्यात कसं भागवत होतात?"

आधी एक सांगते. एवढं असताना 'घरात काही नाही' म्हणू नये. मला या यादीत चार जेवणं दिसतात, आणि ओढूनताणून पाचवंही. मी पुण्यात १९९८ ते २०२० अशी बावीस वर्षं पोळीभाजीचे डबे केले. ऐन भरात अडतीस डबे जायचे. माहेर सोलापूरकडचं, सासर रत्नागिरीकडचं, त्यामुळे माझ्या फळीवर एकीकडे शेंगा आणि काळं तिखट, तर दुसरीकडे आमसुलं आणि सुकट असा दोन घरांचा संसार एकत्र नांदला. (शेंगा म्हणजे शेंगदाणे. पुण्यात इतकी वर्षं काढून माझा हा शब्द काही सुटला नाही.)

तुम्ही फ्रीज उघडून स्वतःला विचारता, "कुठली भाजी करू?" भाजी नसली की तिथेच गाडी अडते. माझी आई विचारायची, "भाकरीला कोरड्यास काय करू?" भाकरी कोरडी, ती घशाखाली उतरायला काहीतरी ओलं लागतं, ते कोरड्यास. भाजी असलीच पाहिजे असं त्यात कुठेच नाही. ताक चालतं, पिठलं चालतं, शेंगांची आमटी चालते, अगदीच वेळ आली तर चटणीवर तेल ओतून तीही चालते. ७२च्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीबरोबर तिखट-मीठ पाण्यात कालवून खाल्लं, असं ती सांगायची. ती चव तुम्हाला शिकवायला मी बसलेली नाही. पण प्रश्न असा विचारला की हात कुठे घालायचा ते लगेच कळतं.

कोरड्यास म्हणजे काय, तर चवीचं पाणी आणि त्या पाण्याला धरून ठेवणारं काहीतरी. धरणारं काय आहे ते आधी बघायचं. डाळीचं पीठ धरतं, शेंगांचं कूट धरतं, शिजलेली डाळ धरते, कांदा-खोबऱ्याचं वाटण धरतं. यातलं एकही घरात नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे तर तीन आहेत.

बेसनापासून सुरुवात करू, कारण पिठलं येतं म्हणणारे पुष्कळ आणि गुठळ्या काढत बसणारेही तेच. दोघांना अर्धी वाटी पीठ पुरतं. त्याला दोन वाट्या पाणी. यातलं अर्धी वाटी गार पाणी घेऊन पीठ आधी नीट कालवून ठेवा, धार पडेल इतकं सैल. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडू द्या, मग हिंग, मग ठेचलेला लसूण पाच-सहा पाकळ्या. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की एक कांदा चिरून. कांदा मऊ झाला की हळद, तिखट, आणि लगोलग उरलेलं दीड वाटी पाणी आणि मीठ. तिखट तेलात चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवलंत तर जळतं आणि सगळं पिठलं काळवंडून कडवट होतं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एका हातानं पिठाची धार सोडायची, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. आच बारीक, वर झाकण, पाच-सात मिनिटं. अधूनमधून झाकण काढून तळापासून ढवळा. मग कान द्या. सुरुवातीला पाण्यासारखं बुडबुड वाजतं, पीठ शिजत आलं की जड फदफद आवाज येतो आणि कच्चा वास जातो. तिथे गॅस बंद. पातळ वाटलं तरी घाबरू नका, पानात येईपर्यंत ते घट्ट होणारच आहे.

आमच्याकडे पीठ कालवतही नसत. उकळत्या पाण्यात एका हातानं कोरडं पीठ भुरभुरत दुसऱ्या हातानं हाटायचं. त्यात बारीक गुठळ्या राहतात आणि त्या आवडणारी माणसं भांडून खातात. तुमच्या गुठळ्या झाल्या तर 'हाटलेलं पिठलं केलंय' म्हणा.

आता शेंगा. सोलापूर-लातूरकडे म्हाद्या म्हणून एक प्रकार आहे, तो पुण्यामुंबईत फारसा कुणाला ठाऊक नसतो. वाटीभर शेंगा मंद आचेवर खरपूस भाजायच्या, सालं पाखडून टाकायची आणि चार लसूण पाकळ्या घालून ओबडधोबड कुटायच्या. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलंत तर लोणी होतं. कांद्याची फोडणी, त्यात काळं तिखट, मग कूट, दोन वाट्या पाणी, मीठ. वर तेलाचा तवंग येईपर्यंत उकळलं की झालं. हा तवंग शेंगांचाच असतो, म्हणून फोडणीला तेल कमी घाला. मात्र शेंगा निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेल्या, बुरशीचा वास मारणाऱ्या शेंगा भाजून 'सुधारत' नाहीत. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. पावसाळ्यात मी शेंगा फ्रीजमध्येच ठेवते.

अर्धी वाटी मुगाची डाळ हा तर खजिना आहे, आणि इथे मला एक सकाळ आठवते. जुलै महिना, रात्रभर पाऊस, आणि सकाळी साडेसहाला भाजीवाल्याचा निरोप आला की टेम्पो पोहोचणार नाही. त्या दिवशी फरसबी ठरली होती. साडेदहाला डबे जायचे होते. घरात भाजी म्हणाल तर पाच किलो कांदे आणि मूठभर कोथिंबीर. दीड किलो मुगाची डाळ कोमट पाण्यात भिजत टाकली आणि पोळ्यांना बसले. तासाभरानं डाळ निथळली, फोडणीत भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची, त्यावर डाळ, आणि पाणी अगदी बेतानं, डाळ जेमतेम ओली राहील इतकंच. झाकणावरही पाणी ठेवलं. बारा मिनिटांत डाळ बोटानं दाबली की तुटेल अशी शिजली, पण दाणा दाण्याला चिकटला नाही. वरून कोथिंबीर आणि लिंबू. मनात धाकधूक होती, कारण लोक महिन्याचे पैसे भाजीचे देतात, डाळीचे नव्हे. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी आली: 'कालची भाजी पुन्हा कधी?' पुढे ती सुकी डाळ महिन्यातून दोनदा ठरवून जायला लागली आणि मी कुणाला कधी सांगितलं नाही की ती पावसानं शिकवली.

हीच डाळ पातळ केलीत तर फोडणीवर तिचं घराणं बदलतं. तूप, जिरं, हिंग, बाकी काही नाही, म्हणजे साधं वरण. लसूण आणि सुकी लाल मिरची तेलात तळून वर ओतली की फोडणीचं वरण, भाकरीलाही चालतं. आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीत गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा घातला की आमटी. जुन्या बायका एकाच पातेल्यातल्या डाळीचं सकाळी वरण आणि संध्याकाळी आमटी करत, आणि घरातल्या पुरुषांना ते कधी कळलंही नसेल.

आंबट मात्र हिशेबानं. आंबट घातल्यावर डाळ आणि कडधान्य शिजायचं नाव घेत नाही. मी स्वतः नवीन असताना वाटाण्याच्या उसळीत टोमॅटो आधीच ढकलले आणि पाऊण तास चुलीपाशी उभी राहून वाटाण्यांना शाप देत बसले. आधी दाणा मऊ होऊ द्या, मग आंबट. चिंच नसली तर आमसूल, आमसूल नसलं तर टोमॅटो, तोही नसला तर ताक, असं एकाऐवजी दुसरं चालतं, पण प्रत्येकाची खोड वेगळी. चिंचेला गूळ लागतोच. आमसूल फार वेळ उकळलं तर तुरट होतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळलं की कडवटपणा येतो. ताक बेसन लावल्याशिवाय उकळायला जाल तर फाटतं.

म्हणजे तुमच्या आंबट दह्याकडे आलोच. एक वाटी दही, तीन वाट्या पाणी, दोन चमचे बेसन, हे सगळं गार असतानाच रवीनं घुसळायचं. तापायला ठेवलं की पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं सोडायचं नाही. तेवढ्यात फोन आला तर वाजू द्या. बेसन दह्याला धरून ठेवतं, पण ते शिजायला लागेपर्यंत त्याला तुमचा हात लागतो. मीठ शेवटी. तुपात जिरं, पाच-सहा मेथीदाणे, आल्याचा तुकडा, मिरची, कढीपत्ता. आलं-कढीपत्ता नसेल तर फक्त जिरं-मेथी पुरे. दही फार आंबट असेल तर साखर चिमूटभर, आणि थोडं पाणी वाढवा.

एका वांग्याचं भरीत केलं तर दोघांच्या वाट्याला दोन-दोन घास येतात आणि चिडचिड होते. एक वांगं असलं की माझ्या सासूबाई काप करायच्या. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे जाड गोल काप, मीठ लावून दहा मिनिटं, मग तिखट-हळद, तांदळाचं पीठ किंवा रवा लावून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून. नुसतं बेसन लावू नका, ते मऊ पडतं. एका वांग्याचे आठ-दहा काप पडतात आणि ताट भरल्यासारखं वाटतं. कढी-भात आणि काप ही कोकणातल्या पावसातली मेजवानी आहे. खाणारे असाल तर सुकट घरात ठेवाच. मूठभर सुकट कोरडीच भाजून, चोळून, धुऊन घ्यायची आणि कांद्यावर वांग्याच्या फोडींबरोबर परतायची, दोन आमसुलं टाकायची. होड्या किनाऱ्याला लागल्या की कोकणातली घरं यावरच पावसाळा काढत आली आहेत. बंगळुरात शेजारच्यांना वास सहन होतो का ते तुमचं तुम्ही बघा.

भाजी अगदी थोडी थोडी उरते, अर्धी सिमला मिरची, चार पानं कोबी, मुळ्याचा पाला, तेव्हा पीठ पेरायचं. चिरलेली भाजी दोन वाट्या झाली की तीन-चार चमचे बेसन. फोडणीवर भाजी अर्धी शिजली आणि तिला पाणी सुटलं की वरून पीठ भुरभुरायचं, हलवायचं, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. दोन वाफा. पीठ भाजीचं पाणी पितं आणि भाजी दुप्पट होते. फ्लॉवरचा दांडा सोलून बारीक चिरा, तो यात छान लागतो. दोडक्याच्या शिरा, लाल भोपळ्याची सालं तीळ-मिरचीबरोबर परतून चटणीत जातात. पण काटकसरीला एक कुंपण आहे. दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर सगळं फेकून द्यायचं, मीठ चोळून किंवा शिजवून तो कडूपणा जात नाही आणि कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत. हिरवट, कोंब आलेला बटाटाही तसाच, टाकून मोकळं व्हा.

शिळ्या भाताचंही कुंपण ऐका. कालचा भात रात्रभर ओट्यावर राहिलेला असेल तर फोडणीचा भात करू नका. भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करून मरत नाही. भात उरला की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. तो नीट ठेवलेला असेल तर फ्रीजमधून काढल्यावर गारच असताना हातानं मोकळा करा. गरम करून मोकळा करायला गेलात तर लगदा होतो. फोडणीत शेंगा आधी तळून घ्या, मग कांदा. भात कमी असेल तर तो कुस्करून त्यात बेसन, कांदा, तिखट-मीठ, तीळ घालून थालीपीठ लावा. पाणी घालायला लागत नाही, भात आणि कांदाच पुरवतात. तेच ते पाचवं, ओढूनताणूनचं.

"गोडा मसाला नसेल तर?" हेही तुम्ही विचारलं आहे. धने-जिरेपूड एक चमचा, तीळ आणि सुकं खोबरं चमचा-चमचा भाजून कुटलेलं, लवंग एक, दालचिनी नखाएवढी. गोड्या मसाल्यात दगडफूल असतं, त्याची जागा कशानंच भरून निघत नाही, पण आमटी मात्र होते. मराठवाड्यातलं कुणी ओळखीचं असेल तर येसर मागून घ्या. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला एकत्र दळलेला असतो. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार, धरणारं आणि चवीचं दोन्ही एकाच डब्यात. माझ्या मते आपल्याकडे याहून शहाणी वस्तू नाही, मेतकूटसुद्धा दुसरं.

मीठ जास्त झालं तर बटाटा घालायचा हा सल्ला सगळे देतात. बटाटा खारट पाणीच पितो, मीठ तेवढं वेगळं काढून घेत नाही. पाणी वाढवा आणि धरणारं वाढवा, म्हणजे डाळ किंवा कूट. जास्त झालेलं उद्या खा.

सामान किती ठेवायचं तेही सांगते. बेसन, शेंगा, मुगाची आणि तुरीची डाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, आमसूल, गूळ, सुक्या खोबऱ्याची एक वाटी, कांदा, लसूण. एवढ्यावर दोन माणसं दहा दिवस रोज वेगळं जेवू शकतात. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी पाडव्याला, २५ तारखेला. माझे डबे तेव्हाच थांबले ते थांबले. पण इमारतीत दोन म्हातारी जोडपी होती, त्यांचं जेवण मीच द्यायची. पहिल्या एकवीस दिवसांत भाजी तीनदा मिळाली असेल. सांडग्यांची आमटी, पापडाची भाजी, कुरडयांची भाजी असं वाळवणातलं सगळं त्या दिवसांत निघालं. कुरडई कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून निथळायची आणि कांद्यावर परतायची. खालच्या आजोबांनी ती आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली म्हणे, शहाऐंशीव्या वर्षी.

पाक, लोणची, केक यांत मात्र 'असेल त्यात' चालत नाही. तिथे माप म्हणजे माप. लोणच्यात मीठ कमी पडलं की बुरशी, पाक एका तारेनं चुकला की लाडूंचा दगड. ते रविवारी करा.

आता तुमचा गुरुवार. दही आणखी थांबणार नाही, म्हणून आज कढी, काप आणि तोच कालचा भात. एक कांदा पिठल्याला राखून ठेवा, ते उद्या, भाकरी येत नसेल तर पोळीबरोबर. शनिवारी सकाळी मुगाची डाळ भिजत घाला, उरलेला कांदा तिला. म्हाद्याला कांदा नसला तरी चालतो, लसूण वाढवा, तो शनिवारी रात्री. आणि रविवारी बाजारात जाल तेव्हा आमसुलं आणा, तुमच्या यादीत ती कुठेच दिसली नाहीत.